सुतकातला पिझ्झा

मी सणसर सोडलं त्या दिवशी आमच्या पेरूच्या बागेत पिशव्या घालायला बाया लावलेल्या होत्या. फळ लिंबाएवढं झालं की त्याला आधी फोमची जाळी आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवतात, म्हणजे माशी लागत नाही आणि डाग पडत नाहीत. हे काम एकदा काढलं की मध्येच सोडता येत नाही, कारण फळ कुणाच्या लेकीच्या विमानासाठी थांबत नाही. त्यामुळं आई मुंबईपर्यंत आली नाही. गाडी रस्त्याला लागली तेव्हा ती बागेतून बांधावर आली. कमरेला पिशव्यांचा गठ्ठा तसाच खोचलेला होता. तिनं माझ्या तळहातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "पोचलीस की आधी जेव, मग फोन कर." एवढं बोलून ती गाडी वळायच्या आत परत बागेत गेली. मी मागच्या काचेतून बघितलं तेव्हा बांधावर कुणीच नव्हतं. मला वाईट वाटलं असणार. आता नक्की सांगता येत नाही.

माझा नवरा मूळचा लोणी भापकरचा. तो आधीच नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला, नोकरीवर गेला होता आणि घर बघून ठेवलं होतं. मी बारामतीला शेतीचं शिकलेली. इथं एका पॅकिंग हाऊसमध्ये ढोबळी मिरची तपासते. लाल, पिवळी, नारिंगी, सगळी एका मापाची, एका चकाकीची. आईला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "तिखट हाय का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग पिकवत्यात कशाला?" ह्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही आणि माझ्या सुपरवायझरकडंही नसावं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना रोजचा फोन म्हणजे काय हे सांगायला नको. आमच्या फोनची सुरुवात ठरलेली असायची. "काय जेवलीस?" मी भात-आमटी म्हटलं की आई गप्प. शुक्रवारी मात्र आम्ही दोघं आठवड्याचे दमलेले असायचो, मुलांनाही तेच हवं असायचं, म्हणून पिझ्झा. मग आई म्हणायची, "परत त्येच?" तिनं पिझ्झाची स्वतःची अशी एक समजूत करून घेतली होती आणि ती गल्लीतल्या बायकांना सांगायची. जाड भाकरी असती, भाजी तिच्यावरच वाढत्यात, ताटाची गरज न्हाय. खरं सांगायचं तर ह्याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही. एकदा माझ्या भावानं, संतोषनं, बारामतीहून पिझ्झा नेला होता. घरी पोचेपर्यंत तो गार झाला. आईनं एक घास खाल्ला, "वाईट न्हाय" म्हणाली आणि भाकरी वाढून घेतली.

आई गेली त्या सकाळी मी कामावर होते. संतोष फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, आई गोठ्यात बसली ती उठलीच न्हाय." मी बरं म्हटलं. खरंच, मी "बरं" म्हटलं. मग हातातली मिरची सरकत्या पट्ट्यावर परत ठेवली आणि सुपरवायझरला जाऊन सांगितलं. त्या बाईंचे डोळे भरले, माझे भरले नाहीत. पाय बधिर झाला की आपण त्याला चिमटा काढून बघतो, तसं मी त्या दिवसापासून स्वतःला बघत होते. चिमटा कळत होता, दुखत नव्हता.

तिकीट लगेच मिळालं नाही. मुलांची शाळा, नवऱ्याची रजा, हे सगळं लावून मी एकटी निघेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. नवऱ्यानं दरम्यान लोणी भापकरला आपल्या आईला फोन केला. आपल्याकडं काही पाळायचं असतं का, हे विचारायला. सासूबाई म्हणाल्या, लग्न झालेल्या लेकीला आई-बापाचं तीन दिवस, जावयाला काही नाही. म्हणजे माझं अर्धं सुतक बॅग भरण्यात गेलं आणि उरलेलं विमानात. विमानात मला पास्ता दिला. मी तो सगळा खाल्ला आणि वर पावही मागून घेतला.

सणसरला पोचले तेव्हा सावडणं होऊन गेलं होतं. म्हणजे अस्थीसुद्धा गोळा करून झाल्या होत्या, माझ्यासाठी काही शिल्लक नव्हतं. दारात बायका बसलेल्या होत्या. मला बघून त्या उठल्या आणि एकेकीनं गळ्यात पडून मोठ्यानं रडायला सुरुवात केली. आमच्याकडं रडण्यातच सगळं सांगतात, गेलेल्या माणसाचं केलेलं, सोसलेलं, सगळं. मी एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मागं कुणीतरी हळू म्हणालं, "लेक रडंना." दुसरी म्हणाली, "लांबनं आलीय, दमली आसंल." ती दुसरी कोण होती मला माहीत नाही, पण तिचे उपकार आहेत माझ्यावर.

घराचा ताबा आत्याकडं होता. आत्या म्हणजे आबांची, माझ्या वडलांची, धाकटी बहीण. तिला काटेवाडीला दिलेली आहे. आमच्या घरात कुणाचं काही झालं की ती तिथून पिशवी घेऊन येते आणि सगळं उरकल्याशिवाय जात नाही. संतोषची बायको रूपाली काही कमी हुशार नाही, पण आत्या आली की ती सुद्धा विचारूनच पातेलं उचलते. आत्याचा नियम सोपा होता. तेराव्यापर्यंत घरात तवा चढवायचा नाही, फोडणी द्यायची नाही, तळायचं नाही. भात, नुसतं वरण, उकडलेली भाजी. भाकरी भावकीबाहेरचे लोक आणून देतील तेवढीच.

पहिल्या दिवशी जेवायला बसलो. आबांच्या, संतोषच्या, रूपालीच्या ताटात भात आणि पिवळं वरण पडलं. मी ताट पुढं केलं तर आत्यानं एक डबा उघडला. समोरच्या मालनकाकींनी माझ्यासाठी मुद्दाम करून पाठवलेली मेथीची भाजी होती, लसणाची खमंग फोडणी दिलेली. दोन गरम भाकरी वेगळ्या कापडात.

"तू ह्ये खा," आत्या म्हणाली. "तुझं फिटलं काल."

"मला वरणभात चालेल."

"चालायचा प्रश्न न्हाय. तुला काय न्हाय आता. तू मोकळी."

मी मोकळी होते. लेक म्हणजे परक्याचं धन, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, भांडणात एकमेकींना चिडवायलासुद्धा वापरलं. पण ते कधी ताटात वाढलेलं बघितलं नव्हतं. त्या घरात सगळ्यांची आई किंवा बायको किंवा सासू गेली होती आणि मी पाहुणी होते. मेथी चांगली झाली होती. मी ती खाल्ली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी टोचलं ते तेव्हा, आणि ते आईसाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं. ह्याची लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

असे दोन-तीन दिवस गेले. माणसं येत होती, ओसरीवर बसत होती, उसाला तोड कधी आणि पाणी कधी सुटणार एवढं बोलून उठत होती. मी चहा करत होते. चहाला फोडणी लागत नाही. आबा भिंतीला टेकून बसलेले असायचे आणि ताटातला भात चिवडून तसाच सारायचे. आईनं त्यांची जीभ लाडावून ठेवलेली. आमटीत जरा मसाला कमी पडला तर ते काही बोलायचे नाहीत, नुसतं ताटाकडं बघायचे, आणि आई उठून खरडा आणायची. आता ते ताटाकडं बघत होते आणि कुणी उठत नव्हतं. आत्या म्हणायची, "दादा, दोन घास खा." ते म्हणायचे, "खातो." आणि खायचे नाहीत. आधीच अंगानं किडकिडीत माणूस, चार दिवसांत सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायला लागला.

एका दुपारी त्यांनी भाताचं ताट सारलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "तू तिकडं खाती त्यो पिझा. त्याला तवा लागतो का?"

मला आधी कळलंच नाही. माझे आणि आईचे सगळे फोन ते शेजारच्या खाटेवर बसून ऐकायचे, स्वतः कधी बोलायचे नाहीत. बोललेच तर "तब्येत बरी हाय का, ठिवतो" एवढंच, आणि फोन ठेवायचीसुद्धा आईच.

"नाही," मी म्हटलं. "भट्टी लागते."

"फोडणी?"

"नाही."

त्यांनी आत्याकडं बघितलं. आत्या तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. आमच्या आत्याला कुणी कधी असा प्रश्न विचारला नव्हता. बेसनाचे लाडू चालतील का, पापड भाजला तर चालेल का, असल्या प्रश्नांना तिच्याकडं तयार उत्तरं आहेत. पिझ्झाबद्दल तिच्या सासूनं तिला काही सांगून ठेवलेलं नव्हतं.

"तळत्यात का?" तिनं विचारलं.

"नाही."

"गोड आसतो?"

"नाही."

"मग भाजायचा कशावं? हितं कुटं भट्टी."

मी सांगितलं, कुकरमध्ये होतो. तळाला मीठ पसरायचं, त्यावर रिंग ठेवायची, रिंगवर ताटली, आणि रबर आणि शिट्टी काढून झाकण लावायचं. मीठ तापतं आणि त्या धगीवर होतो. आइंडहोवनला मी असं कधी केलं नव्हतं, तिथं ओव्हन आहे. हे मी मोबाइलवर बघितलेलं, आणि तेव्हा हसले होते.

"शिट्टी व्हनार न्हाय?" आत्या म्हणाली.

"नाही."

"मग तू कर. तुला सुतक न्हाय, तुझ्या हातचं चालतं." आत्यानं सूप परत मांडीवर घेतलं. निकाल लागला होता.

फाट्यावरच्या दुकानातून संतोषनं मैदा आणि चीजचे क्यूब आणले. दुकानदारानं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं म्हणे. यीस्ट मिळणार नव्हतं, म्हणून मी मैद्यात दही, चिमूट सोडा आणि मीठ घालून मळलं. तेल घालताना आत्या उभी होती.

"तेल कच्चं आसलं तर हरकत न्हाय. तापलं की ती फोडणी."

"आत तापेल थोडं. पण दिसणार नाही."

"दिसत न्हाय ते सोड," आत्या म्हणाली.

पीठ झाकून ठेवलं आणि वर काय घालायचं ह्यावर गाडी अडली. कांदा-लसणाला आत्यानं आधीच नकाराची मान हलवली होती. ढोबळी मिरची घरात नव्हती, आणि असती तरी मी हातात घेतली नसती. टोमॅटो होते. ते मी किसले, त्यात मीठ आणि वाटलेली हिरवी मिरची घातली, न शिजवताच. पण नुसत्या टोमॅटोवर चीज म्हणजे अगदीच ओकंबोकं. तोवर आबा उठून बाहेर गेलेले कुणाच्या लक्षात आलं नाही. ते बागेतून आले ते धोतराच्या सोग्यात पेरू घेऊन. अर्धवट पिकलेले, टणक, अजून जाळी आणि पिशवी अंगावर असलेले. बागेत त्या दिवसांत तोडणीला कुणाला बोलावलं नव्हतं, त्यामुळं फळ झाडावरच पुढं चाललं होतं.

"ह्ये चालतील का त्यावर?" त्यांनी मला विचारलं.

तिकडं लोक पिझ्झावर अननस घालतात आणि त्यावरून आपसांत भांडतात, हे मला माहीत होतं. पेरू घातलेला मी ऐकला नव्हता. पण नाही कशाला म्हणायचं. मी म्हटलं, "चालतील."

आबा जमिनीवर बसले आणि पिशव्या सोडायला लागले. एकेक गाठ नखानं उकलायची, जाळी वर ओढायची, फळ बाजूला. पिशवी फाडली असती तर पटकन झालं असतं, पण त्यांनी एकही फाडली नाही. मी फळं चिरली, मधला बियांचा गर काढून टाकला, बाकीच्या पातळ फोडी केल्या, त्यांना तिखट-मीठ चोळलं. पोळपाटावर पीठ लाटलं, टोमॅटो पसरला, फोडी मांडल्या, वर चीज किसलं. मीठ तापल्याचा वास यायला लागला तशी ताटली आत ठेवली. अर्ध्या तासानं झाकण उघडलं. कडा फुगल्या होत्या. वरून तांबूस झाला नव्हता, पांढराच राहिला होता, पण चीज विरघळलं होतं आणि पेरू मऊ पडला होता. खालची बाजू खरपूस होती. तव्याशिवाय एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

आम्ही गोल बसलो. आबांनी पहिला तुकडा खाल्ला, मग दुसरा घेतला. पेरू शिजला की त्याचा वास वाढतो, सगळं घर त्या वासानं भरलं होतं. रूपालीनं खाल्ला, संतोषनं खाल्ला, आत्यानं एक कोपरा तोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला.

आबा म्हणाले, "पेरू शिजवायचा आसतो व्हय." मग तिसरा तुकडा हातात घेऊन म्हणाले, "ह्या वळीच्या झाडांस्नी पिशव्या तिनंच घातल्या."

कुणी थांबलं नाही. सगळे चावत राहिले. मीसुद्धा. तोंडातला घास गोड, तिखट, खारट होता आणि मी त्याची चव घेत होते. असल्या वेळी घास अडकतो असं सगळे म्हणतात. आमच्यात कुणाचा अडकला नाही. आबांनी तिसरा तुकडाही संपवला.

तेवढ्यात मालनकाकी माझा संध्याकाळचा डबा घेऊन दारात आल्या. ह्या बाईंबद्दल वाईट बोलायचं तर जीभ झडेल. आई गेली त्या दिवशी अंत्यविधीनंतरचा पहिला कडू घास त्यांच्या घरून आला होता आणि तेव्हापासून रोजची भाकरी त्यांचीच. त्यांनी ताटलीकडं बघितलं, मग आमच्या तोंडांकडं.

"काय गं बया ह्ये," त्या म्हणाल्या. "पार्टी लावलीय व्हय?"

आत्या म्हणाली, "तवा न्हाय लावलेला."

"तवा न्हाय लावला म्हणून काय झालं? तिला जाऊन आठवडा न्हाय झाला. लोक काय म्हनतील?" मग त्यांनी माझ्याकडं हात केला. "हिचं येक ठीक हाय. हिचं फिटलंय, दुसऱ्या घरची हाय, हिनं कायबी खावं. पन तुमी?"

संतोष खाली बघत होता. आबांनी रिकामा हात धोतराला पुसला. मला वाटलं आता आत्या नियम सांगेल, तवा, फोडणी, तळण, ओळीनं. ती उठून उभी राहिली.

"हिचं न्हाय फिटलं," आत्या म्हणाली.

"तीन दिवस आसतात लेकीचं. तुमीच सांगितलं मला."

"सांगितलं. चुकलं. हिचं तेराव्याला फिटतं, घरच्यांबरूबर. आन् ती भाजी परत न्या मालन, तिला चालत न्हाय ती."

मालनकाकी डबा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. भांडण झालं असतं तर ते गावभर पोचलं असतं. पण त्यांनी जरा वाकून ताटलीत बघितलं आणि म्हणाल्या, "पेरू घातल्यात व्हय त्यात?" रूपाली हो म्हणाली. "आगं बाई," त्या म्हणाल्या आणि डबा घेऊन गेल्या. गावभर पोचायचं ते पोचलंच. दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेलेल्या संतोषला डेअरीवर एकानं विचारलं, दहाव्याला काय बर्गर का? संतोषनं कॅन ठेवला, पावती घेतली आणि घरी आला.

पिझ्झाच्या त्याच संध्याकाळी आत्यानं माझ्या ताटात भात वाढला आणि वर पिवळं वरण ओतलं. मिठाशिवाय त्यात काही नव्हतं. मी ते खाल्लं. आबांनीही त्या दिवसापासून भात सारला नाही, पानात पडेल तेवढा संपवला. पिझ्झा पुन्हा कुणी मागितला नाही.

आत्याला मी विचारलं ते पुढं एकदा आम्ही दोघी गोठ्यामागं कपडे वाळत घालत असताना. नियम तिनं का मोडला? ती म्हणाली, "माजी आई गेली तवा मी काटेवाडीत. सासूनं चौथ्या दिवशी तवा लावला. म्हनाली, तुझं झालं. गरम भाकरी वाढली. मी खाल्ली." तिनं लुगडं झटकलं. "खाल्ली की. भूक लागल्याली." मग बरंच काही वाळत घालून झाल्यावर म्हणाली, "तवापासनं हितं कुनी गेलं की मी येती आन् शेवटपतोर धरती. मला तर तुझ्या आईचं कायच न्हाय, भावजय ती. मला कुनी इचारलं न्हाय, मीबी कुनाला सांगत न्हाय." तेव्हा मला कळलं की इतके दिवस माझ्यासमोर बसून बिनफोडणीचं जेवणारी ही बाई स्वतःही मोकळीच होती.

दहावा झाला आणि मी निघाले. रजा संपली होती. ह्या वेळी सोडायला सगळे रस्त्यापर्यंत आले, आबासुद्धा, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. तेरावा मी व्हिडिओ कॉलवर बघितला. तोपर्यंतचे दिवस आइंडहोवनच्या घरातही तवा काढला नाही. नवरा म्हणाला, "अगं, तुझं कधीच फिटलंय." मी म्हटलं, "नाही फिटलं." त्यानं चपात्यांऐवजी भात लावला. मुलांनी एकदा विचारलं, चपाती का नाही. मी सांगितलं, आजी गेली म्हणून. त्यांना ते पुरलं. मोठ्या माणसांचं इतक्यावर कधी भागत नाही.

तुम्ही जे तिकडं आहात ते मला फोनवर विचारता, सावरलीस का. जे माझ्यासारखे इकडं आहेत ते विचारतात, वेळेत पोचलीस का. दोन्ही प्रश्नांना मी हो म्हणते, दोन्ही उत्तरं खरी नाहीत. रडू अजून आलेलं नाही. मी त्याची वाट बघणं सोडून दिलंय. कामावर जाते, मिरच्या तपासते, शुक्रवारी पिझ्झा करते, वर मुलांना हवं ते घालते. पेरू इथं मिळतो, एकेकाला कागदात गुंडाळून ठेवलेला असतो, पण मी तो घेतलेला नाही. संध्याकाळी अजून मोबाइलकडं हात जातो आणि मग आपण कशासाठी उचलला हे आठवत नाही. घर कुठं, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी पटकन सणसर म्हणायचे. आता मला वाटतं, घर म्हणजे जिथलं सुतक आपल्याला लागतं ते. नियमानं मला ते तीन दिवसांचं होतं. एका बाईनं दारात उभं राहून ते वाढवून दिलं, नाहीतर मी त्या घरातून पाहुणी म्हणूनच परत आले असते.

आत्या आता मला अधूनमधून फोन करते. "काय जेवलीस" विचारत नाही. गुडघे, गाई, काटेवाडीत कुणाचं लग्न ठरलं, असलं सांगते. परवा म्हणाली, "मी गेले तर तू धावतपळत येऊ नको बरं का. भाचीला आत्याचं काय नसतं. नुस्ती आंघूळ."

"मी धरणार," मी म्हटलं.

"किती?"

"सगळे."

 

"तिकडं कोन बघतंय तुला, धरलंस का न्हाय ते?"

"कोणीच नाही."

"मग धर," आत्या म्हणाली.